मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे (जन्म : २२ सप्टेंबर १७९१, न्यूइंग्टन बट्स, इंग्लंड, मृत्यू : २५ ऑगस्ट १८६७, हॅम्प्टन कोर्ट, इंग्लंड) हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध, विद्युत अपघटनाचे नियम आणि चुंबकीय बलरेषांची संकल्पना यांसाठी ते ओळखले जातात. विद्युतधारकतेच्या एककाला त्यांच्या नावावरून फॅरड असे म्हणतात. विज्ञानाचे मूलभूत प्रश्न लहान मुलांना व सामान्य श्रोत्यांना प्रयोगांतून समजावून सांगणारे व्याख्याते म्हणूनही त्यांचे स्थान मोठे आहे. त्यांचे औपचारिक शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते झाले होते आणि उच्च गणित त्यांना कधीच अवगत झाले नाही. या उणिवेचा त्यांच्या संशोधनावर आणि शिकवण्याच्या पद्धतीवर खोल परिणाम झाला.

बालपण आणि उमेदवारी

फॅरेडे यांचे वडील जेम्स हे लोहार होते. उत्तर इंग्लंडमधील वेस्टमोरलंड परगण्यातून ते पोटासाठी लंडनजवळ येऊन राहिले होते. त्यांची प्रकृती सतत बिघडलेली असे आणि घरात कायम ओढगस्त होती. आई मार्गारेट यांनी चार मुलांचा संसार काटकसरीने चालवला. हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका लहान ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. साधी राहणी आणि धनसंचयाविषयी अनास्था ही या पंथाची शिकवण फॅरेडे यांनी आयुष्यभर पाळली.

वयाच्या तेराव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामाला लागले. पुढच्या वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. बांधणीसाठी आलेली पुस्तके ते वाचून काढीत. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड असाच त्यांच्या हाती आला आणि त्यातील विद्युतविषयक लेखाने त्यांचे कुतूहल जागे केले. दुसरे पुस्तक होते जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवाद. एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी यांच्यातील प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेले हे पुस्तक खास नवशिक्यांसाठी होते. त्यातील विधाने फॅरेडे यांनी परवडतील तेवढे छोटे प्रयोग करून पडताळून पाहिली आणि ती खरी ठरली, तेव्हा त्यांचा रसायनशास्त्रावर विश्वास बसला. पुढे नामवंत झाल्यावरही ते मार्सेटबाईंना आपले शोधनिबंध पाठवीत असत. सोप्या भाषेतील प्रामाणिक पुस्तक काय करू शकते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१८१० पासून ते जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागले. प्रत्येक व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग असे आणि ते थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. १८१२ मध्ये त्यांनी जस्त व तांबे यांच्या नाण्याएवढ्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद यांची चळत रचून एक छोटी विद्युत घटमाला तयार केली आणि तिच्या साहाय्याने मॅग्नेशियम सल्फेटचे विघटन करून पाहिले. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते आणि अजून पुस्तकबांधणीच करत होते.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रवेश

१८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने, विल्यम डान्स यांनी, त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ होते. फॅरेडे यांनी व्याख्यानांची सविस्तर टिपणे घेतली, त्यांना आकृत्या जोडल्या, सुबक बांधणी केली आणि काम मागणाऱ्या पत्रासह तो ग्रंथ डेव्हींकडे पाठवला. त्याआधी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्राला उत्तरसुद्धा आले नव्हते. डेव्हींनी मात्र त्यांना भेटीला बोलावले. प्रयोगशाळेतील एक जागा लवकरच रिकामी झाली आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे रासायनिक साहाय्यक म्हणून रुजू झाले. आठवड्याला २५ शिलिंग वेतन आणि इमारतीच्या माळ्यावरील दोन खोल्या असा मोबदला ठरला. पुढील सुमारे पन्नास वर्षे हीच संस्था त्यांचे कार्यक्षेत्र होती.

त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नींबरोबर ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले. डेव्हींचा खासगी नोकर ऐनवेळी मागे राहिल्याने त्याचीही कामे फॅरेडे यांच्यावर पडली आणि लेडी डेव्ही त्यांना सेवकासारखेच वागवीत. तरीही या दीड वर्षाच्या प्रवासात त्यांना अँपियर आणि व्होल्टा यांच्यासारखे शास्त्रज्ञ भेटले.

१८१३ मध्ये बेंजामिन ॲबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत फॅरेडे यांनी व्याख्यान कसे असावे याचा बारकाईने विचार केलेला आढळतो. सभागृहातील हवा, आसनांची रचना, उपकरणे कुठे ठेवावीत, वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ का करू नये, एका तासापेक्षा अधिक वेळ का घेऊ नये, अशा गोष्टी त्यांनी इतरांची व्याख्याने पाहून टिपून ठेवल्या होत्या. तेव्हा त्यांनी स्वतः एकही सार्वजनिक व्याख्यान दिलेले नव्हते. पुढे त्यांनी बेंजामिन स्मार्ट या शिक्षकाकडून वक्तृत्वाचे धडे घेतले. बोलण्याचा वेग वाढला की सावकाश बोलण्याची आठवण करून देणारे कार्ड साहाय्यकाने समोर ठेवावे, अशीही त्यांनी व्यवस्था केली होती.

विद्युत आणि चुंबकत्व

१८२० मध्ये डेन्मार्कमधील हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी दाखवून दिले की, विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची विचलित होते. सूची तारेकडे ओढली जात नाही किंवा तारेपासून दूरही ढकलली जात नाही. ती आडवी वळते. सरळ रेषेत ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणासारख्या बलांची सवय असलेल्या शास्त्रज्ञांना हे वर्तन चमत्कारिक वाटले. फॅरेडे यांनी सप्टेंबर १८२१ मध्ये पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा करून त्याच्यावर एक मोकळी लोंबणारी तार सोडली आणि तारेतून धारा सोडताच ती चुंबकाभोवती गोल फिरू लागली. विद्युतशक्तीपासून सतत फिरती गती मिळवणारे हे पहिले उपकरण होय. आजच्या विद्युत मोटारीचे मूळ येथे सापडते.

या शोधाने त्यांना कीर्ती मिळाली आणि त्याबरोबर मनस्तापही. विल्यम वुलस्टन यांनी तारेच्या परिवलनाविषयी आधी विचार मांडला होता व डेव्हींबरोबर प्रयोगही केला होता. फॅरेडे यांनी घाईने निबंध प्रसिद्ध करताना त्यांचा उल्लेख केला नाही. वुलस्टन यांची कल्पना वेगळी होती, तरी हा उल्लेख राहून जायला नको होता. फॅरेडे यांच्यावर कल्पना चोरल्याचा आरोप झाला. १८२४ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली, तीही अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींचा विरोध असताना. गुरुशिष्यांचे संबंध पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत. फॅरेडे मात्र डेव्हींविषयी जाहीरपणे नेहमी आदरानेच बोलत.

विद्युतधारेमुळे चुंबकत्व निर्माण होते, तर चुंबकत्वापासून विद्युतधारा का मिळू नये? हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला होता. चुंबकाशेजारी तारेचे वेटोळे ठेवून लोक धारेची वाट पाहत बसत आणि ती येत नसे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडे यांनी सुमारे ६ इंच व्यासाच्या मऊ लोखंडाच्या कड्यावर समोरासमोर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक वेटोळे घटमालेला जोडले आणि दुसऱ्याची तार चुंबकसूचीवरून नेली. घटमाला जोडताक्षणी सूची हलली व पुन्हा मूळ जागी आली. जोडणी तोडताक्षणी ती पुन्हा हलली. मधल्या काळात, धारा अखंड वाहत असताना, ती स्वस्थ होती. याचा अर्थ असा की, चुंबकत्वाच्या केवळ अस्तित्वाने धारा निर्माण होत नाही. त्यासाठी चुंबकत्वात बदल व्हावा लागतो. १७ ऑक्टोबरला त्यांनी वेटोळ्यात साधा दंडचुंबक आतबाहेर करून हीच गोष्ट दाखवली. त्याच महिन्याच्या अखेरीस एका मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्यांनी अखंड विद्युतधारा मिळवली. आजच्या वीजकेंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर चालतात. हा शोध शालेय पाठ्यपुस्तकांत विद्युतचुंबकीय प्रवर्तन या नावाने शिकवला जातो. तो शिकताना सूची क्षणभरच का हलली, या प्रश्नावर थांबणे आवश्यक आहे, कारण सगळे मर्म त्या क्षणभर हलण्यात आहे.

१८३३-३४ मध्ये त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. मुक्त होणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान हे वाहून गेलेल्या विद्युतप्रभाराच्या प्रमाणात असते, हा त्यांतील पहिला नियम. आयन, अॅनोड, कॅथोड, इलेक्ट्रोड या संज्ञा त्यांनी विल्यम ह्यूएल व अन्य विद्वानांच्या सल्ल्याने याच काळात रूढ केल्या. १८३६ मध्ये त्यांनी १२ फूट लांबी, रुंदी व उंचीचा एक मोठा पिंजरा बांधून त्यावर धातूचे आवरण चढवले, त्याला बाहेरून जोरदार विद्युतभारित केले आणि पेटत्या मेणबत्त्या व विद्युतदर्शक घेऊन ते स्वतः आत जाऊन बसले. बाहेर ठिणग्या उडत असताना आत विद्युतप्रभाराचा मागमूसही नव्हता. विजा चमकत असताना बंद मोटारगाडीत बसलेला मनुष्य बहुधा सुरक्षित का राहतो, याचे स्पष्टीकरण या प्रयोगात आहे.

बलरेषा आणि गणित

कागदाखाली चुंबक ठेवून वर लोहकीस भुरभुरला की वक्र रेषांची एक नक्षी उमटते. शाळेतील प्रत्येक विद्यार्थी ती पाहतो. बहुतेक समकालीन शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही नक्षी म्हणजे निव्वळ एक सोयीचे चित्र होते. खरे बल चुंबकात असते आणि मधली रिकामी जागा ओलांडून ते दूरवर परिणाम करते, असे ते मानत. फॅरेडे यांनी याच्या उलट बाजूने विचार केला. चुंबकाच्या भोवतालच्या जागेतच काहीतरी घडत असते व रेषा त्याचेच स्वरूप दाखवतात, असे त्यांचे मत होते. फिरती तार बलरेषा छेदते तेव्हा धारा निर्माण होते, असा विचार केला की प्रवर्तनाचे सर्व प्रयोग एका सूत्रात येतात. यातूनच पुढे क्षेत्र ही संकल्पना विकसित झाली.

१८४५ मध्ये प्रबळ चुंबकाजवळ ठेवलेल्या जड काचेतून ध्रुवित प्रकाश पाठवला असता त्याचे ध्रुवीकरणाचे प्रतल वळते, असे त्यांना आढळले. प्रकाशाचा चुंबकत्वाशी संबंध असल्याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होता. गुरुत्वाकर्षण व विद्युत यांच्यातही असाच संबंध असावा, या समजुतीने त्यांनी अनेक प्रयोग केले. ते सगळे निष्फळ ठरले आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे प्रसिद्धही केले.

बलरेषांची कल्पना गणितज्ञांच्या पचनी पडली नाही. फॅरेडे यांच्या निबंधांत समीकरणे जवळजवळ नसतात. दूरवरून होणाऱ्या क्रियेचा सिद्धांत अचूक आकडे देत असताना या अस्पष्ट रेषांची गरज काय, असा सूर राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्यासारख्या विद्वानांनी लावला. ही टीका अगदीच निराधार नव्हती. त्या काळी फॅरेडे यांच्या कल्पनेतून आकडा काढता येत नव्हता. ही कोंडी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी फोडली. मॅक्सवेल यांचा जन्म १८३१ चा, म्हणजे प्रवर्तनाच्या शोधाच्याच वर्षाचा. १८५५-५६ मध्ये त्यांनी केंब्रिजमध्ये फॅरेडे यांच्या बलरेषांवर निबंध वाचला आणि या रेषांना गणिती रूप देता येते हे दाखवून दिले. निबंध हाती आल्यावर एवढे गणित पाहून फॅरेडे प्रथम धास्तावले, पण विषयाला ते इतके चांगले मानवल्याचे पाहून त्यांना आनंद झाला. १८५७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी मॅक्सवेल यांना पत्र लिहून विचारले की, गणितज्ञ एखाद्या निष्कर्षाला पोहोचल्यावर तो नेहमीच्या भाषेतही तितक्याच स्पष्टपणे का मांडू शकत नाहीत; तसे झाले तर प्रयोग करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल. मॅक्सवेल यांचे लेखन आपल्याला नेहमी समजते, हेही त्यांनी आवर्जून लिहिले. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आजसुद्धा आपलाच वाटेल.

मुलांसाठी व्याख्याने

१८२५ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत तरुण श्रोत्यांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच सुमारास शुक्रवारच्या सायंकालीन सभांनाही प्रारंभ झाला. दोन्ही उपक्रमांमागे फॅरेडे यांचा पुढाकार होता. १८२७ ते १८६० या काळात त्यांनी स्वतः नाताळच्या १९ व्याख्यानमाला दिल्या. २७ डिसेंबर १८५५ च्या व्याख्यानाला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आपल्या दोन मुलांसह उपस्थित होते. अलेक्झांडर ब्लेकली यांनी त्या प्रसंगाचे चित्र काढले आहे.

श्रोत्यांना काहीही आधीच माहीत आहे असे गृहीत धरू नये, हे त्यांचे पहिले तत्त्व होते. हातातून सुटलेला दगड खाली पडतो, एवढे सांगायचे असले तरी मूठ उघडून दगड प्रत्यक्ष पाडून दाखवावा, असे ते नव्या वक्त्यांना सांगत. १८५९-६० ची त्यांची मालिका पदार्थांतील विविध बलांवर होती. गुरुत्व, संसंजन, रासायनिक आकर्षण, उष्णता, चुंबकत्व, वीज हे विषय त्यांनी तीत घेतले. आपण पृथ्वीवर उभे राहतो, चालतो आणि त्याचे आपल्याला नवल वाटत नाही, याकडे लक्ष वेधून त्यांनी तिची सुरुवात केली होती.

मेणबत्तीवरील सहा व्याख्याने सर्वांत गाजली. ती त्यांनी १८४८-४९ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ मध्ये दिली. दुसऱ्या वेळी लघुलिपीत टिपून घेतलेला मजकूर विल्यम क्रुक्स यांनी संपादित करून १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. निसर्गविज्ञानात शिरण्यासाठी मेणबत्तीइतके चांगले दार दुसरे नाही, अशी फॅरेडे यांची धारणा होती. व्याख्यानासाठी त्यांनी नाना प्रकारच्या मेणबत्त्या जमवल्या होत्या. १७८२ मध्ये बुडालेल्या रॉयल जॉर्ज या युद्धनौकेतून बाहेर काढलेली एक मेणबत्ती त्यांत होती. इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही ती पेटवताच नीट जळू लागली.

त्यांचे प्रश्न साधे असत. मेणबत्ती जळताना वर मेणाची नीटस वाटी का तयार होते? ज्योतीमुळे तापलेली हवा वर जाते, तिची जागा घेणारी थंड हवा मेणबत्तीच्या कडेने वर चढते आणि कडा थंड ठेवते. म्हणून मधले मेण वितळते आणि कडा तशीच राहते. ज्योत उभट असते तीही याच प्रवाहामुळे. (अंतराळयानात हा प्रवाह नसतो. तेथे ज्योत गोलसर व निळसर दिसते, असे अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे.) वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? केशाकर्षणाने. हे दाखवण्यासाठी ते मिठाच्या खांबाच्या तळाशी निळे रंगवलेले मिठाचे संपृक्त द्रावण ओतीत आणि मुले निळा रंग वर सरकताना पाहत. पाण्याच्या भांड्याच्या काठावर टॉवेलचे टोक पडून राहिले तर सगळे पाणी हळूहळू जमिनीवर येते, हे उदाहरणही ते देत.

मेणबत्तीत जळते ते घन किंवा द्रव मेण नसून मेणाची वाफ असते. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची वाकडी नळी धरली की ती वाफ बाहेर येते आणि नळीच्या टोकाशी पेटवता येते. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीतून निघणाऱ्या धुराच्या रेषेला दोन-तीन इंचांवरून काडी लावली, तरी ज्योत त्या रेषेवरून धावत वातीकडे येते. हा प्रयोग कुणालाही घरी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करून पाहता येईल. आता ज्योत पिवळी व तेजस्वी का दिसते? हायड्रोजनची ज्योत मेणबत्तीच्या ज्योतीपेक्षा कितीतरी उष्ण, पण जवळजवळ अदृश्य असते. फॅरेडे यांनी प्रखर प्रकाशात मेणबत्तीची सावली पाडून दाखवली. तेव्हा ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद पडली. म्हणजे तेथे प्रकाश अडवणारे घन कण आहेत. तीच काजळी, कार्बन. हे कण तापून प्रकाशतात आणि पुढे जळून जातात.

जळून जातात म्हणजे कोठे जातात? बर्फ व मीठ भरलेले भांडे ज्योतीवर धरले की त्याच्या बुडाला पाण्याचे थेंब जमतात. हे पाणीच आहे याची खात्री ते पोटॅशियमचा तुकडा टाकून करून देत, कारण पाण्याचा स्पर्श होताच तो पेट घेतो. ज्योतीवरील हवा चुन्याच्या निवळीतून नेली की निवळी दुधाळ होते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. शेवटच्या व्याख्यानात ते स्वतःचा श्वास निवळीत सोडीत आणि ती तशीच दुधाळ होई. मनुष्याच्या शरीरातही मेणबत्तीसारखेच मंद ज्वलन चालू असते आणि बाहेर पडणारा वायू वनस्पती घेतात, येथपर्यंत ते श्रोत्यांना आणून सोडीत. वातीपासून निघालेल्या मुलाला श्वसनापर्यंत नेणाऱ्या या मांडणीत एकही पायरी प्रयोगाविना घेतलेली नाही. पुस्तकाचे अनेक भाषांत अनुवाद झाले आहेत.

लोकशिक्षण आणि सार्वजनिक कार्य

१८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याच्या प्रयोगांचे वेड पसरले होते. लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल आपोआप फिरे. कुणी याचे श्रेय आत्म्यांना देई, कुणी विजेला. फॅरेडे यांनी पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट द्रव्याने एकमेकांवर बसवले आणि आधी टेबल सरकते की हात, हे दाखवणारा दर्शक जोडला. हातच आधी सरकत असल्याचे दिसून आले. दर्शक बसणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवताच टेबल फिरायचे थांबले. लोक लबाडी करत होते असे त्यांनी म्हटले नाही; नकळत दाब दिला जातो, एवढेच दाखवले. सुशिक्षित लोकही अशा गोष्टींवर विश्वास ठेवतात, याची मात्र त्यांना खंत वाटली. १८६२ मध्ये इंग्लंडमधील नामांकित शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी शालेय शिक्षणात निसर्गविज्ञानाला स्थान नसल्याबद्दल तक्रार केली. मुलांना हे विषय समजत नाहीत, हा युक्तिवाद त्यांनी आपल्या नाताळच्या श्रोत्यांच्या अनुभवावरून फेटाळला.

१८३६ पासून ते दीपगृहांचे काम पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचे वैज्ञानिक सल्लागार होते. जुलै १८५५ मध्ये टेम्स नदीच्या पाण्यात पांढऱ्या कार्डाचे तुकडे टाकून ते किती खोलीवर दिसेनासे होतात, हे त्यांनी पाहिले आणि नदीच्या घाणीविषयी टाइम्स वृत्तपत्राला पत्र लिहिले.

फॅरेडे यांच्याविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. विजेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मंत्र्याला त्यांनी तुम्ही एक दिवस तिच्यावर कर लावाल असे उत्तर दिले, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय. तिला समकालीन पुरावा नाही.

अखेरची वर्षे

१२ जून १८२१ रोजी त्यांचा विवाह सारा बर्नार्ड यांच्याशी झाला होता. त्यांना अपत्य नव्हते. १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली आणि काही काळ संशोधन जवळजवळ थांबले. त्यानंतर स्मृतिभ्रंशाचा त्रास वाढतच गेला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले. १८५८ मध्ये राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट येथे राहण्यासाठी घर दिले. १८६१ च्या शरद ऋतूत, आपली स्मृती आता साथ देत नाही, असे कळवून त्यांनी मुलांच्या व्याख्यानांतून निवृत्ती घेतली. शुक्रवारचे शेवटचे व्याख्यान त्यांनी जून १८६२ मध्ये दिले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी त्यांचे निधन झाले. लंडनमधील हायगेट दफनभूमीत, अधिकृत चर्चबाहेरील पंथीयांसाठी राखलेल्या भागात त्यांचे दफन झाले. थडग्याच्या दगडावर फक्त नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. १९९१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने काढलेल्या २० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आणि १८५५ च्या नाताळ व्याख्यानाचे दृश्य होते. १९३९ ते १९४२ ही युद्धकाळातील वर्षे वगळता नाताळची व्याख्याने दरवर्षी होत आली असून, १९६६ पासून ती दूरचित्रवाणीवरूनही दाखवली जातात.